बुडखा खाली

सौंदर्यानं तेलाचा बोळा चौथ्या खांबावर खालून वर ओढत नेला आणि कमरेइतक्या उंचीवर तिचा हात थांबला. क्षणभरच. मग तिनं बोळा पुन्हा जवसाच्या बेलतेलाच्या डब्यात बुडवून पिळला आणि काहीच झालं नाही अशा थाटात वरचा हात मारला.

परांचीवर बसून तुळईच्या खाचेतला भुसा फुंकत असलेल्या निसार मिस्त्रींनी ते वरून बघितलं.

"काय गं, का थांबलीस?"

"कुठं थांबलो, चाचा? तेल ओघळालतं."

गडहिंग्लजकडची ही पोरगी मिस्त्रींच्या वखारीत शिकाऊ म्हणून आली, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. तेवढ्यात ती कोल्हापूरच्या पोरींसारखी स्वतःबद्दल 'आलो-गेलो' म्हणायला शिकली होती. बाकीही बरंच काही शिकली होती. निदान मिस्त्रींचा तसा समज होता.

ती हात धुवायला नळाकडे गेली तसे मिस्त्री परांचीवरून उतरले. चहाला उतरतोय असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण पाय चहाच्या किटलीकडे न जाता चौथ्या खांबाकडे गेले. कोरड्या सागावर काही दिसत नाही. रंधा मारून गुळगुळीत केलेला खांब चारी अंगांनी सारखाच. तेल लागलं की मात्र लाकडातल्या रेषा वर येतात. सौंदर्याचा हात जिथं थांबला होता तिथं अंगठ्याएवढी गाठ होती. झाडाची फांदी खोडातून निघते ती वर जाते, त्यामुळं गाठीभोवतीच्या रेषाही वरच्या अंगाला वळलेल्या असतात. या गाठीच्या रेषा खाली, जमिनीकडे वळल्या होत्या.

खांब उलटा बसला होता. बुडखा वर आणि शेंडा खाली.

मिस्त्रींनी इकडंतिकडं बघितलं आणि बाहीनं ती गाठ पुसली. पुसल्यावर ती जास्तच चकाकायला लागली.

खांब झाडासारखाच उभा करायचा, बुडखा खाली आणि शेंडा वर, हा या धंद्यातला पहिला धडा. उलट्या खांबाच्या घरात माणूस ठरत नाही म्हणतात. आता यात शास्त्र किती आणि समजूत किती, असं एखाद्या शिकल्यासवरल्यानं विचारलंच तर निसार मिस्त्री त्याला उलट विचारत, "तुमी डोक्यावर हुबं ऱ्हाऊन जेवता काय?" आजऱ्याचे जोतीराम सुतार हे त्यांचे उस्ताद. त्यांच्याकडून हा धडा घेतल्यापासून मिस्त्रींच्या हातून एकही खांब उलटा गेला नव्हता. ही गोष्ट ते चार माणसं जमली की एकदा तरी सांगत.

आणि गंमत अशी, की ही चूक झाली तीसुद्धा हीच गोष्ट सांगताना. वखारीत लाकूड उतरलं की साल काढायच्या आधी बुडख्याच्या तोंडाला गेरू फासायचा, म्हणजे पुढं घोळ होत नाही. या खांबाचं खोड लांब होतं. ते मधोमध कापून त्याचे दोन खांब काढायचे होते. बुडख्याला फाट गेलेली म्हणून मिस्त्रींनी तेवढा भाग आधीच छाटून टाकला, आणि त्याच्याबरोबर गेरूही गेला. मग खोड कापलं. दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून पडलेले. त्याच वेळी ज्यांच्या घरापुढच्या सोप्याचं हे काम होतं त्या अण्णासोंचा फोन आला, आणि त्यांना "आमच्या हातनं खांब उलटा जायचा न्हाय, बिनघोर ऱ्हावा" असं ठासून सांगत मिस्त्रींनी गेरूचा कुंचला त्या दोन्ही तोंडांवरून एकदम फिरवला. वरच्या तुकड्याचा तो बुडखाच होता. खालच्या तुकड्याचा मात्र तो शेंडा होता.

हे सगळं त्यांना आत्ता, खांबाजवळ उभं राहिल्यावर, लख्ख आठवलं. कुंचला सौंदर्याच्या हातात नव्हता. गेरूची वाटी धरून ती पलीकडे उभी होती, आणि ती त्या वेळी काहीतरी बोलायला गेली तेव्हा मिस्त्रींनी फोन कानाला लावूनच तिला 'थांब' अशी खूण केली होती. हेही आठवलं, पण ते त्यांनी फार वेळ आठवू दिलं नाही.

तिथल्या तिथं हाक मारून "पोरी, खांब चुकला" एवढं म्हटलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण उद्या आढं चढायचं होतं. एकदा आढं चढून वाशांचा भार आला की खांबाला हात लावता येत नाही. आणि आढं चढलं की त्याला कुलूप घालणारी लाकडी खुंटी जो हाणतो, तो त्या वास्तूचा मिस्त्री. मालकाच्या देखत उस्तादानं शिष्याच्या हातात ती खुंटी हाणायची मोगरी दिली की त्या दिवसापासून शिष्य मिस्त्री झाला. उद्या मोगरी सौंदर्याला द्यायची, असं निसार मिस्त्रींनी गावभर करून ठेवलं होतं. अण्णासोंचे मेव्हणे शिवप्रसाद आजऱ्याहून मुद्दाम येणार होते. त्यांना काजूच्या बागेत असाच लाकडी सोपा बांधायचा होता, आणि तो सौंदर्याच्या हातून बांधून घ्यायची त्यांची तयारी होती. सौंदर्याच्या वडलांनीही सांगून ठेवलं होतं, मिस्त्री झालीस तर राहा कोल्हापुरात, नाही तर परत येऊन दुकानात बस.

मिस्त्रींनी आजवर शिकवलेली सगळी पोरं प्लायवूडची कपाटं करायला निघून गेली होती. ही एकटी टिकली. तिला खांबाची गाठ दिसलीच नसेल, तर तिच्या हातात मोगरी कशी द्यायची? आणि दिसून ती गप्प बसली असेल, तर मग तर मुळीच कशी द्यायची? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्यांची गत झाली. मग त्यांनी ठरवलं, आपण बोलायचं नाही. पोरगी सांगते का बघायचं.

त्यांना हा विचार फार शहाणपणाचा वाटला. खरं तर तो सोयीचा होता.

दुपारभर त्यांचा पाय एका जागी ठरला नाही. परांचीवर चढले, उतरले. तुळईची खाच मापली, पुन्हा मापली. गड्यांवर उगाच खेकसले. शेवटी छाटलेल्या सागाचा एक तुकडा उचलून ते सौंदर्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ह्याचा बुडखा कुठला, सांग बघू."

तिनं तुकडा हातात घेऊन मधोमध बोटावर तोलला, कड निरखली आणि जडसर टोक त्यांच्याकडे केलं.

"ह्यो. का हो चाचा? उद्याची परीक्षा आजच घेतालाय व्हय?"

"असंच इचारलं."

ती हसली. मग हसू आवरून तिनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"आनि काय बोलायचं हाय का, चाचा?"

"मला? मला काय बोलायचं असतंय? तुला हाय का?"

"मला काय न्हाय."

तिनं तुकडा ढिगावर टाकला आणि बोळा उचलला. म्हणजे हिला कळलंय, मिस्त्री मनात म्हणाले. कळलंय आणि तरी बोलत नाही. त्यांना राग आला. त्या रागाच्या पोटात थोडं बरंही वाटलं, आणि ते बरं वाटल्याची लाज वाटली.

संध्याकाळी गारगोटी रोडनं स्कूटर कळंब्याच्या पुढं आली तशी मागं बसलेली सौंदर्या म्हणाली,

"चाचा, आढं उद्याच चढवायचं पक्कं न्हवं? म्होरं ढकलायचं असलं तर अण्णासोंना आजच सांगाय पायजे."

"का म्हणून ढकलायचं?"

"न्हाय, इचारलं आपलं."

तिच्या खोलीजवळच्या कोपऱ्यावर ती उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि तिथंच उभी राहिली. मिस्त्रींनी स्कूटर चालूच ठेवली होती. ती "येतो मी" म्हणून वळली. तेव्हा कुठं त्यांना ते जुनं प्रकरण आठवलं. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकासमोर त्यांचं माप चुकलं होतं आणि ही मधेच बोलली होती, "चाचा, बोटभर कमी धरलंयसा." माप खरंच बोटभर कमी होतं. गिऱ्हाईक गेल्यावर मिस्त्रींनी तिला भुशात उभी करून झाडलं होतं. चारचौघांत उस्तादाच्या म्होरं तोंड उघडायचं न्हाय, काय चुकलं-माकलं तर उस्ताद आपलं आपण बघतो. पोरगी रडली नव्हती. "बरं," म्हणाली होती आणि खरंच त्यानंतर तिनं चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं. चांगली वळणावर आली म्हणून मिस्त्रींनी तिचं कौतुकही केलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, आणि थोड्या वेळानं पुन्हा धुतले. टेपची पट्टी बाहेर ओढायची आणि सटकन आत जाऊ द्यायची, असा चाळा लावला. चुलीपाशी भाकरी थापत असलेली कुलसुम शेवटी वैतागली.

"ती टेप ठेवा बघू खाली. काय झालंय? पायाला भिंगरी लागल्यागत फिरालायसा."

"खांब उलटा बसलाय."

कुलसुमनं तव्यावरची भाकरी परतली. मिस्त्रीणबाई म्हणून तिची हयात गेली होती. याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही.

"कुणाच्या हातनं?"

"माझ्याच."

"मग सांगून टाका की. अजून आढं कुठं चढलंय?"

"पोरीनं बघितलंय. ती सांगती का बघालोय."

कुलसुमचे पिठाचे हात परातीतच राहिले.

"म्हंजे चूक तुमची आन् परीक्षा तिची?"

मिस्त्रींनी भाकरी जाड झाल्याची तक्रार केली. तरीही जेवण झाल्यावर अंगणात जाऊन त्यांनी अण्णासोंना फोन लावला. सांगायचंच असं ठरवून लावला. पण अण्णासो म्हणजे उघडा नळ. आमची आई दुपारपासनं उद्याचीच तयारी करालीया, मेव्हणं पहाटेच निघणार हाईत, पोरीसाठी इरकल साडी आणलीया, तुमच्यासाठी फेटा. "आवो मिस्त्री, मेव्हण्यांना मी सांगितलंय, ह्यो माणूस खांब उलटा लावायचा न्हाय, जीव गेला तरी." अण्णासो एवढं बोलून दम घ्यायला थांबले तेव्हा मिस्त्रींनी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं ते एवढंच:

"नारळ जरा मोठं आणा."

रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी सौंदर्या कोपऱ्यावर त्यांच्या आधीच येऊन थांबली होती, नवा पंजाबी ड्रेस घालून, केस घट्ट बांधून. स्कूटरवर दोघं एक शब्द बोलले नाहीत. सांगेल, अजून सांगेल, असं मिस्त्री प्रत्येक वळणावर स्वतःला सांगत राहिले, आणि रस्ता संपला.

अण्णासोंनी जोत्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. आढ्याचं लांबलचक लाकूड दोन तिवयांवर आडवं ठेवलेलं, त्याला हळदीचे पट्टे. चार गडी दोर लावून तयार. शिवप्रसाद म्हणजे खाली मान घालून बोलणारा, सावकाश माणूस. ते खिशात हात घालून एकेक खांब बघत फिरत होते. मग चौथ्यापाशी आले. शिवप्रसादांनी त्याच्यावर थाप मारली, "झकास," म्हणाले आणि पुढं गेले.

मग अण्णासोंची आई, अक्काताई, ताट घेऊन आल्या. वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. सून हात धरायला पुढं झाली तर तिला त्यांनी कोपरानं मागं सारलं. प्रत्येक खांबाच्या पायाशी पाणी शिंपडायचं, विभूतीची तीन बोटं ओढायची, कुंकू लावायचं, आणि सगळं झालं की वास्तूच्या मिस्त्रीला एकच गोष्ट विचारायची. विचारायची रीतच होती आणि उत्तरही ठरलेलं होतं. नवरीला नाव घ्यायला सांगतात, तेवढंच त्याचं महत्त्व.

पहिला खांब झाला. दुसरा, तिसरा. चौथ्याला विभूती लावून अक्काताईंनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि सौंदर्याकडे वळल्या. आजची मिस्त्री ती होती.

"सगळ्यांचं बुडखं खाली हाईत न्हवं, यव्वा?"

सौंदर्यानं निसार मिस्त्रींकडे बघितलं. नजरेला नजर मिळाली. ती वाट बघत होती, एवढं त्यांना त्या क्षणी कळलं. पण डोळ्यांपुढं अण्णासो होते, शिवप्रसाद होते, फेट्याचं ताट होतं. मिस्त्रींनी मान फिरवली आणि आढ्याच्या दोराची गाठ तपासल्यासारखं केलं.

"व्हय आज्जी," सौंदर्या म्हणाली. "सगळं बुडखं खालीच हाईत."

आवाज जराही हलला नाही. मिस्त्रींनी तो आवाज ओळखला. गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" सांगताना ते स्वतः हाच आवाज लावत. रंधा कसा धरायचा, पटाशी कशी पाजळायची हे तिला शिकवताना त्यांचे दिवसच्या दिवस गेले होते. आणि हे तर ती नुसतं बघून शिकली होती.

"चला, उचला रं!" अण्णासोंनी गड्यांना आवाज दिला.

"थांबा." मिस्त्रींना आपलाच आवाज परका वाटला. "चौथा उलटा हाय."

दोर हातात घेतलेले गडी तसेच राहिले. अण्णासो हसले, त्यांना चेष्टा वाटली.

"काय म्हणालाय?"

"चौथा खांब उलटा बसलाय. वखारीत गेरू लावताना माझ्या हातनं चुकलं. पोरीचा काय संबंध न्हाय. कुंचला माझ्या हातात हुता." त्यांनी फोनचंही सांगितलं, गाठही दाखवली. एकदा तोंड सुटल्यावर सगळंच सुटलं.

अण्णासोंनी वाकून गाठ बघितली. पुन्हा सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले,

"मिस्त्री, झाकली मूठ झाकूनच ठिवली असती तर कोण बघाय आलंतं? ह्याला काळीज लागतं. काय म्हणता, मेव्हणं?"

शिवप्रसादांनी मान डोलावली. मिस्त्रींच्या अंगावरचं ओझं उतरलं, पाठ आपोआप ताठ झाली. लोक आपल्याकडे आदरानं बघतायत हे त्यांना जाणवलं, आणि खोटं कशाला बोला, ते त्यांना आवडलं.

अक्काताई मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर सौंदर्यावरून हलली नव्हती.

"आन् तू गं? तुला कळलं न्हवतं व्हय?"

मिस्त्री भानावर आले. आपण काय करून बसलो ते त्यांना आता दिसलं. ती "ठाऊक होतं" म्हणाली, तर सगळ्यांच्या देखत खोटी ठरणार. "ठाऊक नव्हतं" म्हणाली, तर तीन वर्षांत बुडखा-शेंडा न कळलेली कच्ची पोरगी. त्यातल्या त्यात दुसरं बरं. कच्चं माणूस पिकतं. खोट्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. ते घाईघाईनं मध्ये पडले.

"तिला कसं कळंल, आज्जी? शिकाऊ हाय. कच्ची हाय अजून. मोगरी आज द्यायचं ऱ्हाऊ दे, अजून एक साल काढू दे तिला माझ्याकडं."

"मला ठावं हुतं," सौंदर्या म्हणाली.

"अगं, तू..."

"काल तेल लावताना दिसलं, आज्जी. गाठ खाली वळलीया. मी कच्ची न्हाय."

अक्काताईंच्या हातातलं ताट किंचित कललं. सुनेनं ते काढून घेतलं.

"मग आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललीस?"

"बोललो."

"का गं?"

सौंदर्याचे कान लाल झाले होते. ती बोलली अक्काताईंशी, पण बघत होती मिस्त्रींकडे.

"ह्यांचा खांब हाय, ह्यांनी सांगायचा. काल दिवसभर वाट बघितली. दोनदा इचारलंबी. तुमी इचारल्यावर पुन्यांदा बघितलं ह्यांच्याकडं, ह्यांनी मान फिरवली. मला वाटलं, बोलायचं न्हाय असं ठरलंय." तिचा आवाज आता पहिल्यांदा हलला. "तुमालाच बोलायचं हुतं, चाचा, तर मी बोलायच्या आदी बोलायचं हुतं की."

माळेतला एक झेंडू सुटून जोत्यावर पडला, तो एका गड्यानं उचलून खिशात घातला. शिवप्रसादांनी घसा खाकरला, मोबाईल काढून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा ठेवला.

"मिस्त्री, आमच्या कामाचं आपुन मागनं बोलू," ते सौम्यपणे म्हणाले. सौंदर्याकडे न बघता ते गाडीकडे चालू लागले. अण्णासो त्यांना थांबवायला त्यांच्यामागं धावले. गाडीच्या दाराशी त्यांचं काहीतरी बोलणं चाललं. मग दार लागलं.

मिस्त्रींना वाटलं, पोरगी आता पिशवी उचलून निघून जाईल. गेली असती तर त्यांना सोपं झालं असतं. मागं जाऊन समजूत घालता आली असती, चार दिवसांनी राग निवला असता. ते तिच्याकडे दोन पावलं गेलेही.

"पोरी, मी त्यांना फोन करून सगळं सांगतो. माझ्यामुळंच..."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती अक्काताईंच्या समोर उभी होती.

"ह्यो काढायला किती वेळ लागंल?" अक्काताईंनी विचारलं.

"टेकू लावायला..." मिस्त्री सुरू झाले.

"तुमाला न्हाय इचारलं."

"तुळईला टेकू दिला की दुपारपत्तोर निघंल," सौंदर्या म्हणाली. "नवा घडवायचा तर आठवडा धरा. लाकूड वखारीत हाय. आढं तवर खालीच ऱ्हाऊ दे."

अक्काताईंनी 'कर' म्हटलं नाही आणि 'नको' असंही म्हटलं नाही. सुनेच्या हातातल्या ताटातली विभूती बोटावर घेतली, क्षणभर विचार केला आणि ती परत ताटातच झटकली. मग आपल्या आपण पायऱ्या उतरून घराकडे गेल्या. फेट्याचं ताट आणि इरकल तिवईपाशी तसंच राहिलं. त्याला कुणी हात लावला नाही.

सौंदर्यानं ओढणी कमरेला बांधली. कोपऱ्यातलं टेकूचं लाकूड ओढत तुळईखाली आणलं, दोन गड्यांना नावानं हाका मारून दगड सरकवायला लावले आणि स्वतः परांचीवर चढली. नव्या ड्रेसला तेल लागलं, तिकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. टेकू उभा राहिला. तो जरा तिरका आहे असं खालून मिस्त्रींना वाटलं. सवयीनं ते पुढं झाले, हात उंच करून खुणा करायला लागले.

"जरा डावीकडं घे. आजून... तसं न्हाय, आदी पाचर..."

"चाचा."

ते थांबले. ती तुळईवर एक पाय टाकून वरून त्यांच्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी असावं, पण उन्हामुळं नीट दिसलं नाही.

"तुमी खालनं टेकू धरा. मी सांगतो तवा सोडायचा."

गडी एकमेकांकडे बघायला लागले. मिस्त्रींना या जोत्यावर, किंवा कुठल्याच जोत्यावर, आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यांना खूप काही म्हणावंसं वाटलं. माफीचं वाटलं, फोनचं वाटलं, टेकू खरंच थोडा तिरका आहे हेही वाटलं. त्यांनी त्यातल्या त्यात सोपं ते उचललं.

"अगं, पण पोरी, ऐक तर..."

"बोलू नगा आता," ती वरून म्हणाली. "नुसतं धरा."

तिनं तुळईखाली पाचर सारली. वरचा भार हळूहळू खांबावरून सुटून टेकूच्या लाकडात उतरू लागला. निसार मिस्त्रींनी पाय फाकवले, दोन्ही तळवे लावले आणि टेकू धरला.